शुगर नॉर्मल, तरी इन्सुलिन रेझिस्टन्स? चयापचयाचे आजार आणि कर्करोग यांच्याशी त्याचं नातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेहाचे रुग्ण तपासताना जे प्रश्न मला रोज ऐकू येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत. कर्करोगाबद्दलचे प्रश्न बहुतेक जण खुर्चीवरून उठता उठता, दाराशी थांबून विचारतात. त्या प्रश्नांना इथे मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे नेमकं काय?

जेवल्यावर रक्तातलं ग्लुकोज वाढतं, तसं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन स्नायूंना सांगतं की साखर आत घ्या, यकृताला सांगतं की नवी साखर बनवणं थांबवा, आणि चरबीला सांगतं की साठा फोडू नका. हा निरोप पोचूनही पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत, तेव्हा त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

कुलूप आणि किल्लीचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. ते समजायला सोपं आहे, पण बिघाड बहुधा कुलपात नसतो. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला व्यवस्थित चिकटतं. अडथळा येतो तो त्यापुढच्या साखळीत. एका प्रथिनाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप द्यायचा आणि शेवटी ‘ग्लुट-४’ नावाचे ग्लुकोजवाहक पेशीच्या आतून पृष्ठभागावर यायचे, असा हा क्रम असतो. साखळी मधेच ढिली पडली की वाहक आतच राहतात आणि साखर बाहेर ताटकळते.

माझी शुगर दरवर्षी नॉर्मल येते. मग मला हे कसं असेल?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण या आजारात साखर सगळ्यात शेवटी बिघडते.

पेशी दाद देईनात, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून काम भागवतं. दोन माणसांचे रिपोर्ट शेजारी ठेवून पाहू. दोघांची उपाशीपोटीची शुगर ९२. एकाचं उपाशीपोटीचं इन्सुलिन ५, दुसऱ्याचं २२. शुगरचा कागद दोघांनाही ‘नॉर्मल’ म्हणेल. पण पहिल्याचं शरीर जे काम सहज करतंय, तेच करायला दुसऱ्याच्या स्वादुपिंडाला चौपटीहून जास्त इन्सुलिन लागतंय. शुगर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागलं की ‘होमा-आयआर’ हा आकडा मिळतो. पहिल्याचा साधारण १.१ येतो, दुसऱ्याचा ५. अशी ओढाताण दहा-वीस वर्षंही चालू शकते. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकल्या की मग साखर वर सरकते, आणि आपण म्हणतो, ‘अचानक डायबेटिस निघाला.’

ही गोष्ट कळायलाही वेळ लागला. १९२१ मध्ये टोरंटोत इन्सुलिनचा शोध लागल्यावर मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता, असंच धरलं गेलं. १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवलं की काही मधुमेहींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणामच नीट होत नाही. रक्तातलं इन्सुलिन अचूक मोजायची पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास तयार केली, तेव्हा प्रौढ वयातल्या अनेक मधुमेहींमध्ये ते कमी नसून उलट जास्त भरलं. पुढे १९८८ मध्ये जेरल्ड रीव्हन यांनी वाढतं इन्सुलिन, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) हे सगळे एकाच घरचे आहेत, असं ठामपणे मांडलं. तरीही वार्षिक तपासणीच्या यादीत आजही बहुतेक वेळा फक्त शुगर असते. मला याची मनापासून हळहळ वाटते.

हे होतं कशामुळे?

थोडक्यात सांगायचं तर चरबी चुकीच्या जागी साठल्यामुळे.

त्वचेखालची चरबी हे शरीराचं कोठार आहे. कोठारात जागा आहे तोवर फारसं बिघडत नाही. ते भरलं, की चरबी यकृतात, स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांभोवती जाऊन बसते. स्नायूच्या पेशीत साठलेले चरबीचे काही घटक वर सांगितलेली निरोपाची साखळी थेट अडवतात. शिवाय फुगलेल्या चरबीपेशी दाह वाढवणारे पदार्थ रक्तात सोडतात.

लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आजाराकडे पाहिलं की हे पटतं. त्यात त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच. माणूस हडकुळा दिसतो, पण इन्सुलिन रेझिस्टन्स कमालीचा असतो, यकृत चरबीने भरलेलं असतं. म्हणजे चरबी किती आहे, यापेक्षा ती ठेवायला योग्य जागा आहे का, हा खरा प्रश्न.

याखेरीज आनुवंशिकता आहे, तासन्‌तास बसून राहणं आहे, अपुरी झोप आहे. निरोगी तरुणांनाही काही रात्री कमी झोपू दिलं, तर त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मोजता येईल इतका घटतो. स्टिरॉइडची औषधंही हेच करतात. वयात येताना आणि गरोदरपणात इन्सुलिन रेझिस्टन्स निसर्गतः वाढतो. गर्भाला साखर मिळावी म्हणून आईचं शरीर स्वतःहून तसं वागतं, त्यात आजार काही नाही.

मी बारीक आहे. मला धोका नाही ना?

वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. टेप बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर अशी धरतात. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा ती खाली आहे, कारण या लोकांत तुलनेने कमी वजनालाही पोटात चरबी आणि स्नायू कमी असं चित्र दिसतं. हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं, अशी शरीरयष्टी असेल तर ‘मी बारीक आहे’ हे समाधान फसवं असतं.

अंगावर काही खूण दिसते का?

बऱ्याचदा दिसते. मानेच्या मागे, काखेत, जांघेत त्वचा काळपट आणि जाडसर होते, हात लावला तर मखमलीसारखी लागते. शेजारी बारीक चामखिळीसारखे लोंबते ठिपकेही असतात. वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं, त्याचा हा परिणाम. माझ्यासमोर एक मुलगी बसली होती, वय चौदा. तिची मान लालसर सोललेली होती. ‘मळ निघतच नाही’ म्हणून आई रोज घासत होती, आणि मुलगी शाळेत केस मोकळे सोडून मान लपवत होती. तो मळ नव्हता. पालकांनो, कृपा करून मान घासू नका. शुगर आणि इन्सुलिन तपासा, आणि मुलीला सांगा की यात तिचा काहीही दोष नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. उतारवयात असा काळेपणा अचानक, झपाट्याने पसरला, तळहातांवर किंवा ओठांवर आला आणि सोबत वजन उतरत असेल, तर त्यामागे पोटातला, विशेषतः जठराचा कर्करोग असू शकतो. तसं क्वचितच घडतं, पण दिसलं तर थांबू नका.

तपासणी कोणती करायची?

संशोधनात शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देऊन तासन्‌तास मोजमाप करतात. ती पद्धत अचूक आहे, पण रोजच्या वापराची नाही. उपाशीपोटीचं इन्सुलिन उपयोगी पडतं, मात्र वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एकाच ठिकाणी पुन्हा केलेली तपासणी जास्त बोलकी.

खरं तर नेहमीच्या रिपोर्टमध्येच पुष्कळ काही लिहिलेलं असतं. कंबर जास्त, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा त्यावर, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या किंवा स्त्रियांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा त्यावर, उपाशीपोटीची शुगर १०० किंवा त्यावर. या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एकेक आकडा ‘थोडासाच वर’ असतो, म्हणून प्रत्येकाकडे दुर्लक्ष होतं. पाचही एका कागदावर लिहून पाहा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाची पूर्वपायरी आहे, ‘बॉर्डरलाइन’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

मधुमेहाशिवाय आणखी कोणते आजार याच्याशी जोडलेले आहेत?

फॅटी लिव्हर, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, मुलींमधला पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार), गरोदरपणातला मधुमेह, गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी).

यातलं फॅटी लिव्हर समजून घेण्यासारखं आहे. यकृत इन्सुलिनचा ‘साखर बनवू नको’ हा निरोप ऐकेनासं होतं, पण ‘चरबी बनव’ हा मात्र ऐकत राहतं. त्यामुळे वाढलेल्या इन्सुलिनखाली ते साखरही बनवतं आणि चरबीही. २०२३ मध्ये या आजाराचं वैद्यकीय नाव बदलून त्यात चयापचयातल्या बिघाडाचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. दारू न पिणाऱ्या माणसाचं यकृतही यातून सिरोसिसपर्यंत आणि पुढे यकृताच्या कर्करोगापर्यंत जाऊ शकतं.

कर्करोगाशी याचा खरंच संबंध आहे का?

आहे. पण ‘इन्सुलिन रेझिस्टन्स असेल तर कर्करोग होतो’ असं म्हणणं चूक आहे. काही ठरावीक कर्करोगांची शक्यता वाढते, एवढंच म्हणता येतं.

टाइप २ मधुमेह असलेल्यांत यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाचं अस्तर यांच्या कर्करोगाचं प्रमाण साधारण दुप्पट दिसतं. मोठं आतडं आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग यांत वाढ त्यापेक्षा कमी आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगात तर उलटंच, मधुमेही पुरुषांत तो थोडा कमी आढळतो. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अतिरिक्त चरबीशी संबंध असलेले १३ कर्करोग निश्चित केले. मधुमेहात वाढलेले दिसणारे वरचे पाचही त्यांत आहेत, शिवाय पित्ताशय, मूत्रपिंड, अंडाशय वगैरे.

हे घडतं कसं? इन्सुलिन फक्त साखरेचं संप्रेरक नाही, ते वाढीचंही संप्रेरक आहे. स्नायूंच्या पेशी साखरेच्या बाबतीत त्याला दाद देत नसल्या, तरी इतर अनेक पेशींत ‘वाढ, विभाजित हो’ हा निरोप पोचतच राहतो. अनेक गाठींच्या पेशींवर इन्सुलिनचे ग्राहक भरपूर असतात. म्हणजे ज्या जादा इन्सुलिनमुळे शुगरचा रिपोर्ट नॉर्मल राहतो, तेच या पेशींना वर्षानुवर्षं खतपाणी घालू शकतं. दुसरा रस्ता स्त्री-संप्रेरकांचा. इन्सुलिन वाढलं की यकृत एसएचबीजी हे इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, त्यामुळे रक्तात मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. रजोनिवृत्तीनंतर चरबी स्वतःच इस्ट्रोजेन बनवते. गर्भाशयाच्या अस्तराला मिळणारी ही सततची चेतना हे तिथल्या कर्करोगाचं मोठं कारण आहे. तिसरा रस्ता म्हणजे धुमसत राहणारा दाह.

इक्वेडोरमधल्या काही कुटुंबांत लॅरॉन सिंड्रोम आढळतो. वाढीच्या संप्रेरकाचा ग्राहक सदोष असल्याने या माणसांची उंची फार कमी राहते, आणि इन्सुलिनचं भावंड शोभेल असं आयजीएफ-१ त्यांच्या रक्तात अत्यल्प असतं. त्यांच्या शरीराला इन्सुलिनचा प्रतिसादही चांगला असतो. यांतल्या सुमारे शंभर जणांचा दोन दशकांहून जास्त काळ मागोवा घेऊन २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लठ्ठपणा असूनही एकालाही मधुमेह नव्हता, आणि कर्करोग फक्त एकीला झाला होता, तोही जीवघेणा ठरला नाही. त्यांच्या सामान्य उंचीच्या नातेवाइकांत मात्र दोन्ही आजार होते. वाढीचे हे निरोप आणि कर्करोग यांचं नातं मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या अभ्यासात दिसलेलं नाही.

मग साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल का?

नाही. ही समजूत ओटो वॉरबर्ग यांच्या १९२० च्या दशकातल्या निरीक्षणावरून आली आहे. गाठीच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं वापरतात, हे त्यांना दिसलं होतं आणि ते खरंच आहे. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचून गाठ शोधतात, ती याच गुणामुळे. पण तुम्ही साखरेचा कणही खाल्ला नाही, तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतं, कारण मेंदूला ते हवंच असतं. केमोथेरपी चालू असताना घाबरून जेवण तोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचं वजन आणि स्नायू गेले, उपचार सोसण्याची ताकद गेली. असं करू नका.

साखरेपेक्षा इन्सुलिनकडे पाहणं जास्त अर्थपूर्ण आहे, आणि संशोधन त्या दिशेने चाललं आहे. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अल्पेलिसिब हे औषध इन्सुलिनच्याच निरोपाच्या साखळीतली एक कडी, पीआय-३ कायनेज, बंद करतं. त्यामुळे रुग्णाची शुगर चढते, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते इन्सुलिन बंद केलेली कडी पुन्हा ढकलून उघडू पाहतं. उंदरांत आहाराने किंवा औषधाने इन्सुलिन खाली ठेवलं, तेव्हा अशा प्रकारची औषधं जास्त प्रभावी ठरली. माणसांसाठी मात्र यावरून स्वतःच्या मनाने पथ्य ठरवू नये.

मी इन्सुलिन टोचतो. त्याने कर्करोग होईल का?

या भीतीने इंजेक्शन बंद करणारे लोक भेटतात, म्हणून स्पष्ट सांगते: बंद करू नका. ओरिजिन या मोठ्या चाचणीत १२,५०० हून अधिक लोकांपैकी निम्म्यांना ग्लार्जिन इन्सुलिन दिलं होतं. सहा वर्षांहून जास्त काळ पाहिल्यावरही त्यांच्यात कर्करोग वाढलेला दिसला नाही. टाइप १ मधुमेहात तर इन्सुलिन म्हणजे प्राणच.

मेटफॉर्मिनने कर्करोग टळतो, हे खरं का?

तशी आशा फार होती. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोग कमी दिसतो, असं अनेक नोंदींवरून वाटत होतं. मग मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांवर नीट चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला: आजार परत येण्यात काही फरक पडला नाही. मधुमेहासाठी ते उत्तम औषध आहे. कर्करोग टाळण्यासाठी म्हणून घेऊ नका.

हे उलटवता येतं का?

बऱ्याच जणांना, बऱ्याच प्रमाणात येतं.

सुरुवात स्नायूंपासून करा. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता स्वतःच ग्लुट-४ वर आणतो. साखळी ढिली पडलेली असली तरी हा मागचा दरवाजा उघडाच असतो. एकदा केलेल्या व्यायामाचा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून रविवारी एकदम तीन तास चालण्यापेक्षा दिवसाआड तरी हालचाल हवी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी शुगरचा चढ कमी होतो. सोबत वजन उचलण्याचे व्यायाम करा, कारण जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा घेणारी जागा म्हणजे स्नायूच.

अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निकाल २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, असं उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना आटोक्यात आला. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली, की हे अवयव पुन्हा कामाला लागतात.

आहाराबद्दल मी एकच एक पद्धत सांगत नाही. गोड पेयं आधी बंद करा, मैदा आणि साखर कमी करा, भाज्या, कडधान्यं आणि प्रथिनं वाढवा. उपवासाच्या वेळापत्रकांचा फायदा मुख्यतः एकूण खाणं कमी झाल्याने होतो. शुगरची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय उपवास धरू नका. सेमाग्लुटाइडसारखी भूक आणि वजन कमी करणारी नवी औषधं आणि लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया ज्यांना गरज आहे त्यांना खूप उपयोगी पडतात. त्यांची मदत घेणं म्हणजे हार मानणं नव्हे.

कर्करोग होऊन गेला आहे. आता व्यायामाचा उपयोग आहे का?

आहे, आणि हे सांगताना मला आनंद होतो. चॅलेंज या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची केमोथेरपी संपलेले ८८९ रुग्ण होते. निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने व्यायाम, बाकीच्यांना फक्त माहितीची पुस्तिका. २०२५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी आजाराविना असलेले रुग्ण व्यायामाच्या गटात ८० टक्के होते, दुसऱ्या गटात ७४ टक्के. यातला किती वाटा इन्सुलिनचा, हे वेगळं काढून दाखवता आलेलं नाही. पण केमोनंतर ‘आता फक्त आराम करा’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना हे आकडे जरूर दाखवा.

माझ्या खाण्यापिण्यामुळेच मला कर्करोग झाला का?

एका माणसाच्या बाबतीत असं कुणालाच ठरवता येत नाही. वय, जनुकं, पेशी विभागताना होणाऱ्या चुका, तंबाखू, दारू, संसर्ग, आणि त्यांत चयापचयाचा एक वाटा. आयुष्यभर काटेकोर राहिलेल्यांनाही कर्करोग होतो. वर दिलेले सगळे आकडे पुढचं ठरवण्यासाठी आहेत. आजारी माणसाला ‘तूच ओढवून घेतलंस’ म्हणायला ते कुणी वापरू नयेत.

कोणत्या गोष्टी घडल्या तर लगेच डॉक्टरांकडे जायचं?

पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघाला आणि त्याच सुमारास प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या. तिथल्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी वाढलेली शुगरच असते. वजन उतरलं म्हणून लोक खूश होतात आणि त्यात महिने जातात. चांगली आटोक्यात असलेली शुगर कारणाशिवाय एकदम बिघडली, तरीही हेच लागू.

शौचातून रक्त किंवा शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, याला मूळव्याध समजून घरी औषध करू नका. पीसीओएस असलेल्या मुलींची पाळी तीन-तीन महिने येत नसेल, तर ‘बरंच झालं’ म्हणून सोडू नका. अस्तर साचून राहतं, त्यावर उपचार लागतो. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, कितीही थोडं, एकदाच लागलेला डाग असला तरी, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुतेक वेळा याच डागावरून लवकर पकडता येतो, आणि लवकर पकडला तर पुष्कळदा शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो.